‘दावणीवरून’ कोण लिहितं?

१

पंडितच्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत ठेवला होता. बाकीची चारी बोटं दगडावर ठेवून ठेचली होती. मारणाऱ्यानं विचार करूनच मारलं असणार. पठ्ठ्याला लिहिता येऊ नये, पण सोसायटीच्या कागदावर अंगठा मात्र उठवता यावा.

धामणदऱ्याच्या चारा छावणीत सकाळी गाईला पाणी पाजायला गेलेल्या आश्रुबा जमादाराला तो पेंडीच्या शेडमागं सापडला. तोंडात त्याचाच गमछा कोंबलेला होता. आश्रुबानं गमछा ओढून काढला, तसा पंडित कण्हत म्हणाला, “आप्पा, म्या काय बी लिवलं न्हाई ओ. आईची आन.”

आश्रुबा पोलिसातून निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण गाव अजून त्याला जमादारच म्हणायचं. बायको गेलेली, लेक सासरी. जवळ एक गाय, आणि लेकीनं दिलेला एक मोठ्या काचेचा मोबाईल. त्यानंच पंडितला जीपमध्ये घालून बीडच्या दवाखान्यात पोचवलं. ठाण्यात गेला तर ठाणेदार कागदातून मान वर न करता म्हणाला, “पडला असंल, जमादार. दुष्काळात मानसाला चक्कर येती.” आता ज्या ठाण्यात आपण जन्म घालवला तिथंच हे ऐकायचं म्हटल्यावर आश्रुबाच्या तोंडात शिवी आली, ती त्यानं बाहेर येऊन थुंकली.

मारलं कुणी हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. छावणी सोसायटीची, आणि सोसायटी चेअरमन सुंदररावांची. का मारलं, तेही ठाऊक होतं.

त्या दुष्काळात निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, आणि उरलेलं जनावरांबरोबर छावणीत येऊन पडलेलं. अशात इंटरनेटवर कुणीतरी ‘दावणीवरून’ नावाचा ब्लॉग लिहायला लागलं. स्वतःचं नाव सांगायचं नाही, खाली फक्त ‘एक छावणीकर’. पण लिहिणं असं, की वाचणाऱ्याच्या घशात आवंढा यावा. माझे दोन बैल, हरण्या आणि लाल्या. माझा बाप, पाणी मागत मागत गेलेला. माझी बायको, जी हल्ली बोलत नाही. पुण्या-मुंबईची माणसं वाचून रडायची आणि खाली तसं लिहायची.

मग एके दिवशी त्यावर ‘उसने पाहुणे’ नावाचा लेख आला. तपासणीला साहेब येणार म्हणून सुंदरराव दुसऱ्या छावण्यांतली जनावरं ट्रकनं आणून आपल्या दावणीला उभी करणार, असं त्यात चक्क लिहिलं होतं. पेपरवाल्यांनी तो उचलला. वरून चौकशी लागली, अनुदान थांबलं, माजलगावकडून चाऱ्याला येणारा ऊस निम्म्यावर आला. सुंदरराव तर पेटलेच, पण छावणीतले गोरगरीबही पेटले. त्यांची जनावरं उपाशी राहायला लागली होती ना! हरण्या-लाल्या कुणाचे? पंडितचे. पाणी मागत बाप कुणाचा गेला? पंडितचा. गावात बी.ए. होऊन रिकामा कोण? पंडितच. झालं. बोटं ठेचली, आणि वर बैलही छावणीतून हाकलून दिले.

पंडितची बायको मंजुळाबाई आश्रुबाच्या दारात येऊन उभी राहिली. चेअरमनच्या घरची भांडी घासून तशीच आली होती, हातांना राख होती.

“आप्पा, ज्या कुनी लिवलं त्यानं एकडाव फुडं यावं आन म्हनावं, म्या लिवलं. मंग आमचे बैल पुन्यांदा दावणीला घेत्याल. न्हाईतर येत्या बाजारी इकावं लागत्याल. आन ह्या दिवसांत बैल कोन घेतंय, ठावं हाय ना? खाटीकच.”

“बैल माझ्या वाड्यात आन तवर,” आश्रुबा म्हणाला. “लिवनारा मी काढतो हुडकून.”

त्याला हे काम सोपं वाटलं होतं, कारण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. ‘दावणीवरून’चा गावातला पहिला वाचक तोच होता. बायकोच्या माघारी त्या लेखांनीच त्याला सोबत केली होती. ‘एक वाचक’ या नावानं तो खाली लिहायचाही. असं काळीज असलेला माणूस दुसऱ्याला आपल्या पायी मरू देणार नाही, याची त्याला खात्री होती. त्यानं ब्लॉगवर लिहिलं, “पंडितचा हात मोडला. तो निर्दोष आहे. आपण एक ओळ लिहावी, ही हात जोडून विनंती.”

दोन दिवस तो मोबाईल उशाशी घेऊन बसला. एरवी त्याच्या शब्दाशब्दाला ‘आभार’ म्हणणारा लेखक या वेळी मुका झाला होता.

२

मंजुळानं बैल आणले आणि दावं आश्रुबाच्या हातात देऊन ती कामाला पळाली. आश्रुबा शेतकऱ्याचाच पोर. त्यानं हरण्याला डाव्या खुंट्याला बांधलं, लाल्याला उजव्या. औताला हरण्या डावा चालताना त्यानं पाहिला होता, हातानं आपसूकच केलं. जू मानेवर पडल्यापासून जो बैल डाव्या अंगाला चालतो तो जन्मभर डावाच. दावणीलाही तो डावीकडंच बांधायचा. जागा बदलली की दोघं एकमेकांना ढुशा देतात, शिंगं मोडून घेतात, वैरणीला तोंड लावत नाहीत.

आणि दावं आवळता आवळता आश्रुबा थांबला.

‘दावणीवरून’मधला सगळ्यात गाजलेला उतारा त्याला आठवला. ‘सावलीची वाटणी’. त्यात लिहिलं होतं, माझ्या दावणीला एकाच बाजूला सावली असते, म्हणून मी रोज दोघांच्या जागा बदलतो. आज हरण्या सावलीत, उद्या लाल्या. दुष्काळात निदान सावली तरी समान वाटावी. शेकडो लोकांनी त्यावर लिहिलं होतं. आश्रुबानं स्वतः लिहिलं होतं, “डोळे पाणावले.”

“डोळे पाणावले म्हनं! आरं थूत तुझ्या जिनगानीवर,” तो स्वतःलाच म्हणाला. नोकरीत राहून राहून अक्कल पार गहाण पडली होती. ज्यानं आयुष्यात एकदा तरी बैलजोडी बांधली तो हे स्वप्नातही लिहिणार नाही.

म्हणजे लिहिणारा पंडित नव्हता. छावणीतला कुणीच शेतकरी नव्हता. पण मग त्याला हरण्याच्या गुडघ्यावरचा पांढरा चट्टा कसा माहीत? पंडितच्या बापानं मरताना मागितलेलं पाणी कसं माहीत? घरातलं सगळं ठाऊक आणि गोठ्यातलं काहीच नाही. हे जगलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं.

संध्याकाळी मंजुळा आली तेव्हा त्यानं विचारलं, “घरातलं दुखनं कुनापाशी बोलतीस गं तू?”

“बोलायला येळ कुठंय आप्पा? सकाळच्याला चेअरमनच्या घरची धुनीभांडी, मंग मास्तरच्या घरचं निवडन-टिपन, मंग छावणीत शहादेवच्या भाकरी. काम करताना मानूस काय तोंड शिवून बसतंय व्हय? बोलत असंल काय बाय.”

आश्रुबानं मान डोलावली. त्याला अजून एक आठवलं होतं. ‘उसने पाहुणे’ त्यानं वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आले होते. छावणीतल्या माणसांनी ट्रक पाहिले तेव्हा त्यांना कळलं. लिहिणाऱ्याला आधीच माहीत होतं. आणि हा बेत शिजला चेअरमनच्या ओसरीवर. तिथं रोज बसणारी माणसं दोनच: छावणीचा कारकून शहादेव आणि गहिनीनाथ मास्तर. तिसरं कोण ऐकणार, तर आत चहा करणारी चेअरमनची बायको विमलबाई.

भाकरी, निवडण आणि भांडी. मंजुळाची तिन्ही घरं तीच होती.

३

आश्रुबानं ठरवलं, प्रश्न विचारून उपयोग नाही. लिहिणाऱ्याला प्रश्न नको असतो, त्याला खाऊ लागतो. तेव्हा तिघांनाही खाऊ द्यायचा, पण प्रत्येकाला वेगळा. कुठला खाऊ ब्लॉगवर उमटतो ते बघायचं.

पहिला गहिनीनाथ मास्तर. हा कवी. दिवाळी अंकाला कविता पाठवायचा आणि त्या परत आल्या की संपादकांची जात काढायचा. आश्रुबाला पाहताच त्यानं खिडकी लावून घेतली.

“जमादार, मी आधीच सांगतो, माझा त्या लेखनाशी सुतराम संबंध नाही!”

“मी कुठं काय म्हनलो मास्तर? पर बीडच्या साहित्याच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार झाला म्हनं, ‘दावणीवरून’वाले म्हनून?”

मास्तरच्या कपाळावर घाम आला. “सत्कार नाही हो. एकानं विचारलं, ते आपणच का? मी नुसता हसलो. हसणं हा काय गुन्हा आहे? आता शाल त्यांनीच घातली, ती मी काय अंगावरून फेकून देऊ?”

“शाल घ्यायला फुडं आन मार खायला पंडित. झ्याक हाय.”

“जमादार, माझ्या बायकापोरांची शपथ आहे. शिवाय माझी शैली छंदोबद्ध आहे!”

आश्रुबानं सुस्कारा टाकला आणि जाता जाता खाऊ टाकला: “त्यो हरण्या रोज दुपारी दावं तोडून पंडितच्या कोरड्या हिरीवर जाऊन उभा ऱ्हातोय बगा. आत वाकून बगतोय.” हे त्यानं रस्त्यानं येता येता रचलं होतं. मास्तरनं “अरेरे” म्हटलं आणि दार लावलं.

दुसरा शहादेव. चौसाळ्याच्या किराणावाल्याचा मुलगा, बैलाला हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. छावणीच्या तंबूत मोबाईल चार्जिंगला लावून बसला होता.

“आप्पा, माझ्यावर संशव घेता व्हय?” तो हसून म्हणाला. “आवो, मला ब्लॉग लिवायचा आसता तर म्या आधी हितल्या डासांवर लिवला आसता.”

“तू कागदावर दुप्पट जनावरं लिवतोस की बे. तुला बी कल्पनाशक्ती हाय.”

शहादेवचं हसू मावळलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “एक सांगतो आप्पा, पर माझं नाव कुठं घेऊ नगा. पंडितला मारलं त्या दिवशी चेअरमन ओसरीवर बसलते, म्हनत व्हते, कोन हाय ते हुडकून काढा. हरण्या-लाल्या कुनाचे ते तिथं कुनाला ठावं नव्हतं, सगळे तर्क करत व्हते. कुनी मास्तर म्हनलं, कुनी माझ्याकडं बगितलं, माझी तर पाचावर धारन बसली. मंग चेअरमन आत जेवायला गेले. हात पुसत भायेर आले आन म्हनले, पंडित.”

“आत कोन व्हतं?”

“आत? आत कोन आसनार आप्पा? घरचीच मानसं.”

आश्रुबानं त्यालाही खाऊ दिला. लाल्या रवंथ करायचा थांबलाय, नुसता खुंटा चाटतोय, असं सांगितलं. पण हे सांगताना त्याचं लक्ष नव्हतं. चेअरमनच्या घराकडं पाहताना त्याला आपल्याच मनाची भीती वाटायला लागली होती.

४

विमलबाईंना अख्खं गाव मानायचं. परभणीच्या शिकलेल्या, एम.ए. झालेल्या. बचत गट काढला, बायकांना सही शिकवली. नवरा असा वाघ आणि बाई गाईसारखी, असं लोक म्हणायचे. आश्रुबा गेला तेव्हा त्या पडवीत कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो मिटून बाजूला ठेवला आणि आत जाऊन स्वतः पाणी आणलं. तांब्याचा तळ दिसावा असं नितळ पाणी होतं. छावणीत टँकरचा गाळ पिणाऱ्या आश्रुबानं तांब्या एका दमात रिकामा केला.

“आप्पा, पंडित कसा आहे हो?” त्यांनी विचारलं, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

“हाय जिता.”

“बोटं हलतात का? ठणका कधी जास्त येतो, रात्री? नखं काळी पडली असतील ना? झोपेत हात उचलायला जात असेल, मग कळ येऊन जागा होत असेल.” त्या विचारत राहिल्या. इतक्या बारकाईनं, इतक्या मायेनं पंडितची चौकशी गावात दुसऱ्या कुणीही केली नव्हती. आश्रुबाला आपलीच लाज वाटली. अशा बाईवर आपण संशय घ्यावा?

तरीही त्यानं सांगितलं, कारण सांगायचं ठरवून आला होता. “पंडितचं जाऊ द्या वहिनीसाहेब, त्या हरण्याचं बगवत न्हाई. वैरणीला तोंडच लावत न्हाई. शेवटाला मंजुळानं पंडितचा घामेजलेला सदरा आनून गव्हाणीत पसरला, तवा कुठं खाल्लं त्यानं. आता रोज सदरा टाकावा लागतोय.”

हे तर सपशेल खोटं होतं. हरण्या मिळेल ते बकाबका खात होता. पण विमलबाई ऐकता ऐकता थांबल्या. क्षणभर त्यांची नजर कुठंतरी दूर गेली, ओठ हलले.

“सदरा,” त्या हळूच म्हणाल्या. “घामेजलेला.”

आश्रुबा उठला. उन्हात चालताना त्याला थंडी वाजत होती. तो देवाला म्हणत होता, इहीर येऊ दे, खुंटा येऊ दे, सदरा नको.

५

दुसऱ्या दिवशी गावात एकच गलका झाला. ‘दावणीवरून’वर नवा लेख आला होता. नाव होतं, ‘डावा हात’.

छावणीच्या तंबूपुढं शहादेव मोबाईलवर मोठ्यानं वाचत होता आणि भोवती गर्दी झाली होती. “आता मी डाव्या हातानं लिहितो आहे. उजव्या हाताची नखं काळी पडली आहेत. ठणका रात्री येतो. झोपेत हात उचलायला जातो आणि कळ येऊन जागा होतो. त्यांना वाटलं, बोटं ठेचली की शब्द मरतात…”

“बगा! झाला का न्हाई कबूल?” एकजण ओरडला.

“म्हंजी पंडितच व्हता की! आन बायकू गावभर रडत फिरती, न्हाई म्हनून!”

“आमची जनावरं ह्याच्यापायी मेली आन ह्यो दवाखान्यात पडून आजून लिवतोय!”

शहादेव पुढं वाचत होता. “माझा हरण्या माझ्याविना वैरणीला तोंड लावत नाही. शेवटी बायकोनं माझा घामेजलेला सदरा गव्हाणीत पसरला…”

आश्रुबाला पुढचं ऐकू आलं नाही. पंडितजवळ मोबाईलच नव्हता, तो मारणाऱ्यांनीच फोडला होता. पण हे तो कुणाला सांगणार? चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे त्यानं नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. इथं तर चोरानंच संन्याशाच्या नावानं गुन्हा कबूल करून टाकला होता.

गर्दीच्या कडेला मंजुळा उभी होती. लोकांनी तिच्याकडं वळून पाहिलं आणि एका म्हातारीनं तिच्या पायाशी थुंकलं. मंजुळा आश्रुबाकडं बघत राहिली. सदऱ्याची गोष्ट खोटी आहे हे गावात दोघांनाच ठाऊक होतं. आश्रुबानं मान खाली घातली आणि तडक चेअरमनच्या घराची वाट धरली.

६

सुंदरराव तालुक्याला गेले होते. विमलबाई पडवीतच होत्या. आश्रुबा या वेळी पाणी प्यायला नाही.

“वहिनीसाहेब, सदऱ्याचं मी तुमास्नी एकटीलाच सांगितलं व्हतं. आन ते बी खोटं व्हतं.”

विमलबाईंचा चेहरा पांढरा पडला. आश्रुबा बोलत सुटला. बैलांच्या जागा रोज बदलणारा शेतकरी जगात नाही. ट्रक यायच्या आधी ट्रकचं माहीत असलेली माणसं तीनच. मास्तरला विहीर सांगितली होती, शहादेवला खुंटा. लेखात दोन्हींचा मागमूस नाही. आणि पंडितचं नाव या घरातून, जेवणाच्या ताटावरून बाहेर आलं.

विमलबाईंनी जवळचा कॉम्प्युटर मिटला. मग म्हणाल्या, “‘एक वाचक’ तुम्हीच ना? त्या विनंतीवरून ओळखलं मी. आप्पा, तुमच्या चार शब्दांवर मी दिवस काढलेत हो. या घरात मला माणूस म्हणून कुणी विचारत नाही. लिहायला बसले की तेवढा वेळ मी जिवंत असायचे.”

आश्रुबाला धड रागवता येईना. कारण हे खरं होतं, हे त्याला कळत होतं. त्याचेही दिवस तसेच गेले होते.

“मंग स्वताचं लिवायचं व्हतं की,” तो म्हणाला. “मंजुळाचं कावून घेतलं?”

“माझं काय लिहू? पाणी भरलेला हौद? कपाटातल्या साड्या? माझं दुःख कुणाला खरं वाटलं असतं? मंजुळा बोलायची तेव्हा मला वाटायचं, हेच ते. मी तिचंच दुःख जगापुढं मांडलं, आप्पा. आणि ट्रकचं लिहिलं ते काय स्वतःसाठी? अन्याय बघवला नाही मला.”

“नाव कुनी सांगितलं?”

“त्यांनी जेवताना विचारलं, हरण्या-लाल्या कुणाचे बैल. मी म्हटलं, आपल्या मंजुळाचे. यात खोटं काय होतं? मला काय माहीत ते हात मोडतील?”

“तुमाला म्हाईत नव्हतं? ह्या घरात ऱ्हाऊन?”

विमलबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“आन आता ह्ये ‘डावा हात’? त्याचा हात गेला, बैल चालले, आन तुमी त्याच्या नावानं कबुली देऊन मोकळ्या?”

“कबुली म्हणून नाही लिहिलं हो! तुम्ही सदऱ्याचं सांगितलंत आणि मला झोप येईना. लिहिल्याशिवाय राहवेना. लिहून झालं तेव्हा कुठं हलकं वाटलं.”

“तुमास्नी हलकं वाटलं.” आश्रुबा उभा राहिला. “वहिनीसाहेब, एक ओळ लिवा. मी पंडित न्हाई, एवढीच. त्याचे बैल वाचत्याल.”

विमलबाईंनी हात जोडले. “ते लगेच शोधतील, मग कोण. आप्पा, तुम्ही त्यांना ओळखता. त्यांनी पंडितची बोटं ठेचली, माझं काय करतील? मी गुपचूप वैरण पाठवते, दवाखान्याचं बघते, काय म्हणाल ते करते. एवढं मागू नका.”

दिवसाढवळ्या, इतकं लिहिता येणारी ती बाई खांबाला टेकून लहान पोरीसारखी रडत होती. आश्रुबाला तिची कीव आली आणि कीव आल्याचा संतापही आला.

७

पेच असा पडला की नोकरीत कधी पडला नव्हता. सुंदररावांना सांगावं, तर पंडित सुटतो, बैल दावणीला लागतात, आणि आत चार भिंतीत दुसरा हात मोडतो. न सांगावं, तर मोडलेल्या हातावर कायमचा शिक्का बसतो. आश्रुबानं ठरवलं, हे आपण ठरवायचं नाही. ज्याचं गेलंय त्यानं ठरवावं.

त्यानं मंजुळाला सगळं सांगितलं. ती बैलांपुढं बसून ऐकत होती. मग म्हणाली, “वाचून दावा.”

“काय?”

“मामंजींचं जे लिवलंय ते. पानी मागत गेले ते.”

आश्रुबानं चष्मा लावला आणि वाचलं. मंजुळा पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली.

“ग्वाड लिवलंय,” शेवटी ती म्हणाली. “आसंच झालतं. म्या भांडी घासताना सांगितलं आन त्या जवळ येऊन बसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, चला, जलमात कुनीतरी इचारलं. मी जाऊन जाऊन सांगायची आप्पा. माझ्या दादल्याला न सांगितलेलं बी सांगितलं.”

“मंजुळा, तू म्हनशील तर आत्ता जातो आन सुंदररावला सांगतो. काय बी होऊ दे. तुजे बैल वाचत्याल.”

मंजुळानं हरण्याच्या गळ्यावरून हात फिरवला. पुष्कळ वेळ फिरवत राहिली. छावणीकडून जनावरांचं हंबरणं ऐकू येत होतं.

“न्हाई सांगायचं,” ती म्हणाली. “तिचा हात मोडून माझ्या दादल्याचा जोडतोय व्हय? आन त्या चेअरमनचं काय जानार हाय? त्यो आज ह्याला मारील, उद्या तिला मारील, पर त्याला कोन मारनार न्हाई. तुमी बी न्हाई मारनार, आप्पा.”

आश्रुबाला हे शब्द कानफटात बसल्यासारखे लागले. ठाण्यातून मुकाट बाहेर येऊन थुंकणारा तो, त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

“एवढं करा,” ती उठता उठता म्हणाली. “तिला सांगा, मंजुळाला समदं ठावं हाय. आन हे बी सांगा की म्या उद्या कामाला येनार हाय.”

आश्रुबाच्या वाड्यातली वैरण संपली, आणि बाजारच्या दिवशी हरण्या-लाल्या गेले. जोडीला गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून एकेक करून विकले. पंडित दवाखान्यातून घरी आला आणि ओट्यावर बसून राहायला लागला. पुण्याहून दोन तरुण गाडी करून त्याला भेटायला आले, तुमच्या लिखाणानं आम्ही बदललो म्हणाले, त्याच्या पाया पडले. पंडित त्यांना म्हणाला, म्या काय लिवलं न्हाई. त्यांना तो विनय वाटला.

‘दावणीवरून’वर पुढं काही आलं नाही. आश्रुबा अधूनमधून उघडून बघायचा. खाली लोक लिहीतच होते, दादा, लिहा, वाट पाहतोय. आश्रुबानं स्वतः पुन्हा काही लिहिलं नाही.

मंजुळा मात्र रोज चेअरमनच्या घरी जात होती. एके दिवशी परतताना आश्रुबाच्या ओट्यावर टेकली, तेव्हा त्यानं भीत भीत विचारलं, “काय म्हनत्यात तुज्या वहिनीसाहेब?”

“जवळ येऊन बसत्यात,” मंजुळा म्हणाली. “पयल्यासारख्याच. आज माझा हात धरून रडल्या. म्हनल्या, मंजुळा, शिव्या दे, पर बोल गं काहीतरी.”

“मंग?”

“मंग काय? म्या म्हनलं, काय बोलू वहिनीसाहेब? हुतं ते समदं तर तुमी नेलं.”